सातारच्या सड्यावरचे लोखंड: खाण नव्हे, भट्टी शोधा

जावळी तालुक्यातील आपल्या गावामागच्या सड्यावर, म्हणजे सपाट खडकाळ माथ्यावर, काळे, जड आणि भाजल्यासारखे दिसणारे दगड ठिकठिकाणी सापडतात, असे आपण लिहिले आहे. गावातील वृद्ध मंडळी तेथे पूर्वी लोखंडाची खाण होती असे सांगतात, परंतु खड्डा, भुयार किंवा उकरलेल्या मातीचा ढीग यांपैकी काहीही दिसत नाही. तेव्हा ही दंतकथा समजावी काय, आणि शाळेच्या परिसर-इतिहासात तिला जागा द्यावी काय, असा आपला प्रश्न आहे. सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत खडकांचे व भूजलाचे सर्वेक्षण करण्यात माझी नोकरी गेली. त्या अनुभवावरून सांगतो, की ही दंतकथा समजू नये. मात्र आपण ज्या वस्तूचा शोध घेत आहात ती तेथे कधीच नव्हती. घाटमाथ्यावरचे लोखंड भट्टीच्या आणि जंगलाच्या आधाराने निघत असे, आणि त्याचा इतिहास भट्टीच्या राखेत व तोडलेल्या रानात शोधावा लागतो.

महाराष्ट्रात खाण म्हटले की चंद्रपूर-वणीचा कोळसा, गडचिरोलीतील सुरजागडचे लोहखनिज किंवा नागपूर-भंडाऱ्याचे मँगनीज डोळ्यांसमोर येते. ती सर्व खनिजे दख्खनच्या लाव्हापेक्षा जुन्या खडकांतील आहेत. आपल्याकडेही जुने खडक आहेत, पण ते फार खोल गाडले गेले आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि त्यांच्यापासून आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, तयार झाला. कोयना परिसरातील भूकंपांच्या अभ्यासासाठी अलीकडे जे पथदर्शी छिद्र घेण्यात आले ते तीन किलोमीटर खोलीपर्यंत गेले, आणि त्यात बेसॉल्ट संपून ग्रॅनाइटच्या जातीचा खडक लागायला सुमारे सव्वा किलोमीटर खाली जावे लागले. सातारच्या पोटात सोने, कोळसा किंवा तांबे असल्याच्या वार्ता अधूनमधून कानांवर येतात, त्या ऐकताना एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली म्हणजे पुरे.

तरीही लोह आहे, कारण ते बेसॉल्टमध्येच आहे, वजनाच्या साधारण दहा टक्के. एवढ्या विखुरलेल्या लोहाचा माणसाला उपयोग नसतो. परंतु उष्ण व दमट हवेत, सपाट माथ्यावर, लक्षावधी वर्षे पावसाचे पाणी मुरत राहिले की बेसॉल्टमधील चुना, सोडियम आणि बरीचशी सिलिका विरघळून निघून जाते आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे साचतात. हाच जांभा दगड. महाबळेश्वर, पाचगणीचे टेबललँड, कासचे पठार, पाटण तालुक्यातील सडे या सर्वांच्या डोक्यावर जांभ्याची टोपी आहे. या टोपीत सर्वत्र सारखे लोह नसते. काही पट्ट्यांत गडद तपकिरी, हातात घेताच जड लागणारे गोटे व पापुद्रे सापडतात, आणि जुन्या कारागिरांचे खनिज ते हेच. दरवर्षीचा पाऊस माती धुऊन नेतो आणि गोटे उघडे पाडतो, त्यामुळे ते वेचूनच गोळा करता येत, फार तर वितभर उकरावे लागे. आपल्याला खड्डा सापडत नाही त्याचे कारण हे आहे.

हे काम करणारा समाज म्हणजे धावड. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या सातारा गॅझेटियरमध्ये महाबळेश्वरच्या डोंगरातील लोखंड गाळणारे मुसलमान कारागीर म्हणून त्यांचा उल्लेख आहे. त्या सुमारास हा धंदा मोडत आलेला होता आणि त्यांतील माणसे मोलमजुरीकडे वळली होती. कोल्हापूर संस्थानाच्या पश्चिम भागातही, विशाळगडाकडे, असेच लोखंड काढले जाई. म्हणजे हा एखाददुसऱ्या गावाचा प्रकार नव्हता, सह्याद्रीच्या माथ्यावरील जांभ्याच्या पट्ट्याबरोबर दक्षिणोत्तर पसरलेला तो एक उद्योग होता. परिसर-इतिहास लिहिताना गावाची हद्द जरा ओलांडावी असे मी सुचवतो, ते यासाठीच.

त्यांची पद्धत समजून घेतल्याशिवाय सड्यावरचे पुरावे वाचता येत नाहीत, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. वेचलेले गोटे फोडून बारीक केले जात. मातीची उभी, अरुंद भट्टी बांधून तिच्यात लाकडी कोळसा आणि खनिज यांचे थर आळीपाळीने घातले जात, आणि तळाशी बसवलेल्या मातीच्या नळीतून कातडी भात्याने सतत हवा दिली जाई. अशा भट्टीत उष्णता बाराशे अंश सेल्सिअसच्या आसपास जाते. शुद्ध लोखंड वितळायला १५३८ अंश लागतात, त्यामुळे लोखंडाचा रस होत नाही. खनिजातील माती, सिलिका आणि लोहाचाच मोठा हिस्सा एकत्र वितळून कीट म्हणून खाली वाहतो आणि लोखंड मात्र सच्छिद्र, ओबडधोबड गोळ्याच्या रूपाने भट्टीत राहते. तो गोळा लाल असतानाच बाहेर काढून घणाने ठोकायचा, त्यात अडकलेले कीट पिळून काढायचे, पुन्हा तापवायचा, पुन्हा ठोकायचा, असे केल्यावर कुठे लोहाराच्या उपयोगाची पट्टी हाती येई. ओतीव लोखंडाची कढई या भट्टीतून निघणे शक्य नव्हते. निघे ते घडीव लोखंड, आणि कुऱ्हाड, कोयता, फाळ, नाल, खिळे यांसाठी तेच हवे असे.

आता इंधनाचा हिशेब पाहू. ढोबळ मानाने एक किलो घडीव लोखंडासाठी दहा किलोच्या आसपास कोळसा जळतो, आणि मातीने झाकलेल्या साध्या आव्यात एक किलो कोळसा करायला पाच-सहा किलो लाकूड लागते. पाच किलो लोखंड मिळवायचे तर अडीचशे ते तीनशे किलो लाकूड तोडावे लागणार. खनिजापेक्षा कोळसा वजनाने जास्त लागतो, शिवाय डोंगरवाटेने नेताना त्याचा चुरा होतो. त्यामुळे भट्टी जंगलाजवळ न्यायची आणि खनिजाची पाटी डोक्यावरून तेथवर आणायची, हेच परवडे. एका जागचे चांगले रान संपले की भट्टी पुढच्या दरीच्या काठी जाई. म्हणून कीटाचे ढीग सलग सापडत नाहीत. ते विखुरलेले असतात, आणि पुष्कळदा जेथे आज एकही मोठे झाड नाही अशा उघड्या माथ्याच्या कडेला सापडतात. सह्याद्रीचे माथे कधीपासून आणि कशाने उघडे पडले, या प्रश्नाच्या उत्तरात कुमरी (रान तोडून-जाळून केलेली फिरती) शेती आणि चराई यांच्याबरोबर लोखंडाच्या भट्ट्यांचाही वाटा मोजला पाहिजे. तो फारसा कोणी मोजत नाही, याचे मला नवल वाटते.

धंदा बुडाला कसा, याविषयी गावोगावी दोन उत्तरे ऐकू येतात. खनिज संपले, हे पहिले. ते साफ चुकीचे आहे. आपण सड्यावर चालता तेव्हा त्याच खनिजावरून चालत असता. इंग्रजांनी बंदी घातली, हे दुसरे उत्तर, आणि ते अर्धे खरे आहे. जनरल लॉडविक १८२४ मध्ये महाबळेश्वरच्या माथ्यावर चढला आणि पुढे चार-पाच वर्षांत, छत्रपती प्रतापसिंह महाराजांशी अदलाबदलीचा करार होऊन, गव्हर्नर माल्कमच्या नावाचे पेठेचे गाव तेथे वसले. थंड हवेच्या ठिकाणाला बंगले बांधायला आणि चुली पेटवायला लाकूड हवे होते, शिवाय वनराई शोभेसाठीही राखायची होती. धावडांची भट्टी आणि साहेबाचा बंगला यांचे एकाच रानावर डोळे होते, आणि त्यांत कोण टिकणार हे उघड होते. १८४८ मध्ये शहाजी महाराजांच्या निधनानंतर सातारचे राज्य खालसा झाले. १८६५ चा आणि नंतर अधिक कडक असा १८७८ चा वन कायदा आला, राखीव जंगलांच्या हद्दी आखल्या गेल्या, आणि कोळशासाठी झाडे तोडणे हा गुन्हा ठरला.

परंतु कायदा नसता तरी धंदा फार काळ टिकला नसता, असे माझे मत आहे. इंग्लंडमध्ये दगडी कोळशाच्या कोकवर चालणाऱ्या उंच भट्ट्यांतून निघालेले लोखंड मुंबई बंदरात उतरत होते, घाटरस्ते गाडीवाटेचे झाले होते, आणि १८८० च्या दशकात पुण्याहून मिरजेच्या दिशेने रेल्वेचे काम सुरू झाल्यावर तयार पट्टी आठवड्याच्या बाजारात मिळू लागली. गावच्या लोहाराला ती स्वस्त पडे, आणि ठोकून कीट काढण्याचा त्रास नसे. धावडाचे लोखंड विकत घेणारा पहिला माणूस लोहारच होता, आणि त्यानेच पाठ फिरवली. बंदीची गोष्ट सांगायला सोपी असते, बाजाराची तितकी नसते. विद्यार्थ्यांना मात्र दोन्ही सांगाव्यात.

आता आपल्या दगडांकडे येतो. सड्यावर तीन काळ्या वस्तूंची गल्लत होते. पहिली, भोकाभोकांचा बेसॉल्ट. त्यातील भोके मूळ लाव्हातील वायूच्या बुडबुड्यांची असतात, ती बहुधा पांढऱ्या-हिरवट खनिजांनी भरलेली असतात, आणि दगड फोडला की आत एकसारखा करडा रंग दिसतो. दुसरी, जांभ्यातील लोहयुक्त गोटा. तो फोडल्यावर तपकिरी-तांबडा निघतो आणि खरखरीत चिनी मातीच्या तुकड्यावर घासल्यास तांबडी किंवा पिवळसर तपकिरी रेघ उमटते. तिसरी वस्तू कीट. ते आकाराच्या मानाने जड असते, पृष्ठभागावर दोरखंडासारख्या वळ्या किंवा ओघळ दिसतात, ताज्या फुटीवर काळी-करडी चकाकी असते, आणि बारकाईने पाहिल्यास कोळशाच्या तुकड्यांचे ठसे, कधी अडकलेला कोळसाही सापडतो. लोहचुंबक ही चांगली कसोटी नाही. बेसॉल्टही त्याला थोडे ओढतो आणि कीटही, त्यामुळे शाळेतील चुंबक नेऊन निकाल लावण्याचा उत्साह आवरावा. निर्णायक पुरावा भात्याच्या नळीचा. भाजलेल्या मातीचा, मधून भोक असलेला, एका टोकाला काचेसारखा वितळलेला तुकडा मिळाला, तर तेथे किंवा अगदी जवळ भट्टी होती यात शंका उरत नाही. नुसते कीट मात्र वाहून येऊ शकते, आणि रस्त्याच्या भरावात टाकलेलेही असू शकते. चाळकेवाडी, ठोसेघर, वनकुसवडे या पठारांवर पवनचक्क्यांसाठी रस्ते झाले, तशा ठिकाणी ढीग मूळ जागी आहे की हलवलेला आहे हे आधी तपासावे लागते.

आपण पाठवलेल्या छायाचित्रांपैकी दोन तुकड्यांवर ओघळ स्पष्ट दिसतात आणि ते कीट असावे असे मला वाटते. उरलेला गोल तुकडा जांभ्यातील गोटा आहे.

कागदपत्रांच्या बाजूने पाहता गॅझेटियर हा आरंभ आहे, त्यावर थांबू नये. ते महसुली अधिकाऱ्यांनी पाठवलेल्या माहितीवरून तयार झाले, आणि महसूल न देणाऱ्या किंवा फिरत्या माणसांविषयी त्यात फार थोडे येते. सातारच्या राज्याचे आणि पेशवे दप्तराचे मोडी कागद पुण्याच्या पुराभिलेखागारात आहेत. त्यांत ‘खाण’ शोधण्याऐवजी कोळसा, लाकूडतोड, लोखंडाची खरेदी आणि किल्ल्यांच्या दुरुस्तीचा खर्च यांच्या नोंदी पाहाव्यात. वन खात्याच्या जुन्या हद्द-नोंदी आणि गावचे जुने मोजणी नकाशेही उपयोगी पडतात. एक मोह मात्र टाळावा. आपल्याकडे प्रत्येक जुनी वस्तू शिवकाळाशी जोडण्याची घाई असते. प्रतापगड जवळ आहे म्हणून आपल्या सड्यावरील भट्टीतच गडाच्या दरवाजाचे खिळे झाले, असे कागदाशिवाय लिहू नये. धावड कुटुंबांच्या आजच्या पिढीशी बोलणे याहून मोलाचे ठरेल, मात्र जाताना त्यांच्या पूर्वजांनी जंगल संपवले असा सूर लावून जाऊ नये. तालुक्याला नांगराचा फाळ त्यांच्याच लोखंडाने मिळत होता.

दगड आणि चुना यांचा उल्लेख थोडक्यात करतो, कारण तो इतिहास वेगळा आणि अधिक परिचित आहे. काळ्या पाषाणाच्या खाणी वडार, बेलदार आणि पाथरवट यांनी चालवल्या, आणि वाई-मेणवलीचे घाट हे त्यांच्या कामाचे आजही उभे असलेले नमुने आहेत. चुना काळ्या मातीतील चुनखडीचे खडे भाजून होत असे, भट्ट्या बहुधा लोणारी समाजाच्या, आणि तो मळण्याची दगडी चाकाची घाणी अनेक किल्ल्यांवर व जुन्या वाड्यांजवळ दिसते.

लोखंडाचा अध्याय मिटल्यावर त्याच जांभ्याकडे विसाव्या शतकात दुसऱ्या धातूसाठी लक्ष गेले. जांभ्यात जेथे लोह कमी आणि ॲल्युमिनियम जास्त साचले तेथे बॉक्साइट असते, फिकट करडे-गुलाबी, पुष्कळदा वाटाण्याएवढ्या गोल दाण्यांचे. सातारा, सांगलीचा पश्चिम कोपरा, कोल्हापूर असा हा पट्टा आहे, पण प्रत्यक्ष खाणकाम मुख्यतः कोल्हापूर जिल्ह्यात झाले. चार-पाच टन बॉक्साइटपासून एक टन ॲल्युमिनियम निघते आणि त्याला तेरा ते पंधरा हजार युनिट वीज लागते. येथेही प्रश्न पुन्हा इंधनाचाच आला. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या भारत ॲल्युमिनियम कंपनीच्या आराखड्यात छत्तीसगडमधील कोरब्याबरोबर कोयनेच्या विजेवरचा प्रकल्पही होता. कोरबा उभा राहिला, कोयनेचा प्रकल्प कागदावरच राहिला.

सातारच्या माथ्यावर बॉक्साइटची मोठी खाण झाली नाही याचे, एक पाण्याचा माणूस म्हणून, मला समाधान आहे. जांभ्याचे वरचे कवच कठीण असले तरी खालचा भाग सच्छिद्र असतो, त्याखाली शाडूसारख्या चिकणमातीचा थर येतो आणि मग बेसॉल्ट. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्यातील काही पाणी या सच्छिद्र भागात साठते, चिकणमातीवर अडते आणि कड्याच्या काठाने झऱ्यांच्या रूपाने पाझरते. माथ्याखालच्या वाड्यांचे मार्च-एप्रिलमधील पाणी त्यावर चालते. बॉक्साइट काढायचे म्हणजे नेमका हाच थर खरवडून न्यायचा. धावडांनी पृष्ठभागावरचे गोटे वेचले, त्याने रान गेले पण हा साठा शाबूत राहिला. यंत्राने टोपीच काढली तर तोही जाईल. १७ जानेवारी २००१ रोजी महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला आणि २०१२ मध्ये कास पठार व कोयना अभयारण्य जागतिक वारसा यादीत आले. त्यामुळे त्या हद्दींत आता हा विषय मिटल्यासारखा आहे. हद्दीबाहेरच्या सड्यांविषयी तसे म्हणता येत नाही. तेथील जांभा २०१५ पासून गौण खनिज गणला जातो, त्याच्या परवान्यांच्या नोंदी जिल्हाधिकारी कार्यालयाच्या खनिकर्म शाखेत असतात, आणि आपल्या गावाच्या नोंदी आपण पाहून ठेवाव्यात.

सांगलीविषयी आपण ओघात विचारले आहे. पूर्व सांगलीत जांभा नाही, म्हणून अशा भट्ट्याही नाहीत. धातूशी त्या भागाचा संबंध वेगळ्या वाटेने आला. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतील माणसे सोने-चांदी गाळण्याचा गलाई धंदा शिकून देशभरातील सराफ पेठांत पोहोचली. पश्चिमेकडे, औंध संस्थानात, १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलजवळच्या माळावर लोखंडी नांगराचा कारखाना उभारला. त्यासाठी लागणारे लोखंड बाहेरून येई. सह्याद्रीच्या माथ्यावरचे लोखंड तोवर बंद पडले होते, आणि ते चालू असते तरी नांगरासाठी लागणारे ओतीव लोखंड त्या भट्टीतून मिळाले नसते.

प्रत्यक्ष कामासाठी काही सूचना. सडा राखीव वनात येत असेल तर वन परिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी घेऊनच मुलांना न्यावे. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या ४७ जी या मालिकेतील आपल्या भागाचा नकाशा घेऊन त्यावर प्रत्येक ढिगाची जागा, लांबी-रुंदी आणि जवळच्या ओढ्याचे अंतर टिपावे. ढीग उकरू नये. दोन-चार सुटे तुकडे उचलले तरी त्यांची जागा लिहून ठेवावी. नळीचा तुकडा दिसला तर हलवण्यापूर्वी छायाचित्र काढावे. कीटात अडकलेला कोळसा मिळाल्यास तो हाताने न चोळता ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून पुण्याच्या डेक्कन कॉलेजमधील पुरातत्त्व विभागाशी संपर्क साधावा. कार्बन पद्धतीने त्याचे वय काढता येते. मात्र १६५० नंतरच्या कोळशाबाबत ही पद्धत नेमके वर्ष देत नाही, दोन-तीन शतकांचा विस्तृत टप्पा सांगते, आणि जुन्या झाडाच्या गाभ्यातील लाकूड असेल तर भट्टी आहे त्याहून जुनी भासते. म्हणून कोळसा पाठवताना कोवळ्या फांदीचा, वरच्या सालीजवळचा तुकडा निवडावा.